बेशुद्ध रुग्णाचा ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) वाचताना: माझा अनुभव

आयसीयूतून येणाऱ्या विनंतीवर बहुतेक वेळा 'बेशुद्ध, कारण शोधावे' एवढंच लिहिलेलं असतं. मी नोंद उघडण्याआधी औषधांचा तक्ता मागवते. कारण लहरींचा एकच नमुना चार वेगळ्या कारणांनी उमटू शकतो, आणि त्यातली दोन-तीन पूर्ण सुधारणारी असतात.

बर्स्ट सप्रेशन, म्हणजे झोत आणि शांतता आलटून पालटून येणारा नमुना, त्याचंच बघा. सेकंद-दोन सेकंद उंच, दाट लहरींचा झोत, मग 10 मायक्रोव्होल्टच्या खालची जवळजवळ सपाट रेघ, पुन्हा झोत. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध जास्त झालं, थायोपेंटल हे दुसरं भुलीचं औषध चालू आहे, शस्त्रक्रियेसाठी शरीर खूप थंड केलं आहे, किंवा हृदय थांबून मेंदूला रक्त मिळालं नाही, या सगळ्यांत पहिल्या नजरेला चित्र सारखंच दिसतं. याचं मला पटलेलं स्पष्टीकरण असं की, चयापचय मंदावला की पेशींतली ऊर्जा कमी पडते, पोटॅशियमच्या काही वाहिन्या उघडतात आणि पेशी गप्प होतात. थोडी ऊर्जा साठली की पुन्हा झोत येतो. ऊर्जा औषधाने कमी झाली की रक्त न मिळाल्याने, ते नुसत्या रेघेवरून कळत नाही.

म्हणून आधी यंत्राची शंका फेडून घेते. डोक्यावर लावलेल्या प्रत्येक इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स (विद्युत अडथळा) 5 किलोओहमच्या आत, आणि सगळ्यांचा साधारण सारखा. रेघ सपाट वाटली तर सेन्सिटिव्हिटी 7 वरून 2 मायक्रोव्होल्ट प्रति मिलिमीटरवर आणते, म्हणजे बारीक लहरीही मोठ्या दिसतात. मात्र तिथे हृदयाचे ठोके, हवेच्या गादीचा पंप, व्हेंटिलेटरच्या नळीत साचलेलं पाणी, सगळंच 'मेंदूची लहर' होऊन दिसू लागतं. ईसीजीची वाहिनी सोबत हवीच. नळीतलं पाणी काढून टाकल्यावर तालबद्ध लहरी गायब झाल्या, तर त्या मेंदूच्या नव्हत्या.

मग औषधं. सिरिंज पंपावर आत्ता काय चालू आहे एवढं पुरत नाही, काय कधी बंद केलं तेही हवं. थायोपेंटल बरेच तास दिलं असेल तर थांबवल्यावरही काही दिवस अंगात रेंगाळतं. मूत्रपिंड निकामी असेल तर मिडाझोलम या गुंगीच्या औषधाचे शरीरात तयार होणारे सक्रिय घटक साचतात. बॅक्लोफेन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या अतिमात्रेत तर रुग्ण मेंदूमृत वाटावा इतका गप्प पडतो, आणि तरीही पूर्ण बरा होऊ शकतो. शरीराचं तापमान, रक्तातली साखर, सोडियम, अमोनिया हेही त्याच कागदावर लिहून घेते. शरीर थंड असलं की औषधं उतरायलाही जास्त वेळ लागतो.

हृदय थांबून गेलेल्या रुग्णात मी झोतांचे आकार एकमेकांवर ठेवून बघते. प्रत्येक झोताचा पहिला अर्धा सेकंद हुबेहूब तसाच असेल, तर रक्तपुरवठा तुटल्याची शक्यता दाट होते. भुलीच्या औषधाने आलेले झोत सहसा एकमेकांपेक्षा वेगळे असतात. मग हाक मारणं, टाळी, नखावर दाब. इथे एक चकवा आहे. सप्रेशनमध्ये, म्हणजे सपाट टप्प्यात, कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) गप्प असला तरी हळवा असतो, नुसत्या स्पर्शानेही झोत उठू शकतो. असा झोत म्हणजे जाणीव परतल्याची खूण नव्हे.

सपाट रेघ म्हणजे शेवट, असंही पक्कं धरू नये. 2013 मध्ये क्रोगर, अम्झिका आणि सहकारी या संशोधकांनी दाखवलं की मांजरांना सपाट रेघेच्याही पुढे आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू वाढवत नेला तर वेगळ्याच लहरी उमटतात आणि त्यांचा उगम हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागात असतो. या शोधाची सुरुवात खोल कोमातल्या, जोरकस औषधं चालू असलेल्या एका रुग्णाच्या नोंदीतून झाली होती.

त्रिकूट लहरी (ट्रायफेजिक, तीन टप्प्यांच्या लहरी) दिसल्या की यकृत, मूत्रपिंड आणि सेफेपिम या प्रतिजैविकाचा डोस तपासायचा. मूत्रपिंडाप्रमाणे डोस कमी केलेला नसणं ही नेहमीची गफलत. झटके (फिट) थांबवणाऱ्या लोराझेपामने या लहरीही विरतात, त्यामुळे रेघ सुधारली म्हणजे ती झटक्यांचीच होती असं सिद्ध होत नाही. रुग्णही जागा व्हायला हवा.

ऑपरेशनमध्ये केटामिन हे भुलीचं औषध दिल्यावर बीआयएसचा (ईईजीवरून भुलीची खोली सांगणारा, 0 ते 100 मधला) आकडा 60 च्या वर चढू शकतो, कारण लहरींचा वेग वाढतो. भूल उतरलेली नसते. आकड्यामागे धावून प्रोपोफॉल वाढवलं की रक्तदाब कोसळतो. अशा वेळी आकडा सोडून मूळ रेघ बघावी. वयस्कर रुग्णात तर नेहमीच्या डोसलाही सप्रेशन येतं, तेव्हा औषध कमी करायचं असतं.

अहवालात मी फक्त 'बर्स्ट सप्रेशन' लिहून थांबत नाही. नोंदीच्या वेळी कोणतं औषध किती वेगाने चालू होतं, तापमान किती, रक्ताभिसरण परत येऊन किती तास झाले, हे त्याच ओळीत येतं. औषध चालू असेल तर भवितव्याबद्दल एक शब्दही लिहीत नाही. ते उतरल्यावर पुन्हा नोंद घ्यावी, असं लिहून देते.