ताप बघूच, आधी श्वास मोजू

पावसाळा आला की आमच्या मुलांच्या वॉर्डात खोकला रात्रभर थांबत नाही. पुण्यात साधारण जुलै ते सप्टेंबर फ्लूचा जोर असतो आणि जानेवारीनंतर तो पुन्हा डोकं वर काढतो. २००९च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू याच शहरात झाला. तो विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूतलाच एक झालाय, पण नाव काढलं की आईबापांचे चेहरे अजूनही उतरतात.

"सिस्टर, ताप किती आहे हो?" दाखल होताच पहिला प्रश्न हाच. मी म्हणते, "ताप बघूच, ताई. आधी त्याचा श्वास मोजू द्या." मूल आईच्या मांडीवर शांत असतानाच मोजायचं, तेही पूर्ण एक मिनिट. झबलं वर करायला मी आईलाच सांगते, कारण माझा हात लागला की ते रडतं आणि रडतानाचा आकडा कामाचा नसतो. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर ती धाप. बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलतायत का, मूल कण्हतंय का, हेही तेव्हाच दिसतं. १०३ ताप असलेलं मूल ताप उतरल्यावर खेळायला लागलं तर मला हायसं वाटतं. ताप जेमतेम १००, पण दूध पिताना सारखं थांबून दम खाणारं बाळ असेल, तर मी डॉक्टरांना लगेच बोलावते.

तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलं की पिणंही थांबतं. म्हणून पाजायच्या आधी नाकात सलाईनचे थेंब घालून अलगद सक्शन करते, म्हणजे आतला शेंबूड ओढून काढते. ऑक्सिजनची नळी मुलं ओढून काढतात. आईच्या कुशीत मात्र बरीच शांत राहतात. आईने मास्क लावून, हात धुऊन अंगावरचं दूध चालू ठेवायचं, बंद करायचं नाही. आणि "आज काहीतरी वेगळं वाटतंय" असं ती म्हणाली, की मी हातातलं काम ठेवून उठते. मॉनिटर सगळं ठीक दाखवत असला तरी.

तापाला पॅरासिटामॉल, वजनानुसार. घरात आजोबांची ॲस्पिरिन असते, ती फ्लू झालेल्या मुलाला कधीही द्यायची नाही. त्यातून क्वचित मेंदू आणि यकृतावर घातक परिणाम होतो. ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध दिवसातून दोनदा, सहसा पाच दिवस. त्याने उलटी होऊ शकते, म्हणून थोडं खायला घालून देते. ताप गेला म्हणून बाटली मध्येच ठेवून द्यायची नाही.

घरी सोडताना लसीचं बोलणं मी आजीसमोरच करते. सहा महिन्यांपुढच्या बाळाला पहिल्या वेळी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक, शक्यतो पावसाळ्याआधी. त्याहून लहान बाळाला ही लस देता येत नाही. त्याच्या आईने गरोदरपणात आणि घरातल्या मोठ्यांनी ती घ्यायला हवी. दिवसभर बाळ आजीच्याच कडेवर असतं, म्हणून तिचं नावही मी त्या यादीत घालते.