तुम्ही विचारलंत म्हणून : आई सोडायची कशी?

"एवढीशी पोरं सांडव्यावरून गंगा ओलांडून शाळेत? आई सोडायची कशी?" नाशिकच्या पुराचे व्हिडिओ फिरायला लागले की हा प्रश्न ठरलेला. गंगा म्हणजे आमची गोदावरी, आणि सांडवा म्हणजे तिच्या पात्रातून पलीकडे जाणारा बुटका दगडी बांध. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा बुडाला तेव्हा तर फोनवर फोन.

कशी म्हणजे? सगळ्यांच्याच आया सोडायच्या. वडील पहाटेच एचएएलच्या, म्हणजे विमान कारखान्याच्या, बसने ओझरला, आईच्या चुलीवर यात्रेकरूंचा स्वयंपाक. आम्ही कपालेश्वराच्या पायऱ्या उतरायचो, रामकुंडावरची गर्दी चुकवायचो, सांडवा ओलांडून पलीकडचा घाट चढायचो, की सराफ बाजार. आईचा नियम एकच : मारुतीच्या पायांना पाणी दिसलं की गुमान होळकर पुलावरून जायचं.

पुराची भीती सगळ्यांनाच असते. पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्या कशा होतात, ते गंगेवर राहणाऱ्यालाच ठाऊक. काळ्या दगडावर श्रीखंडासारखा गाळ. मारुतीचे पाय कोरडे, म्हणजे नियमाने वाट मोकळी. धाकटा पहिलीत, पायात प्लास्टिकचे सँडल. तो घसरला तो बसल्या बसल्याच पायऱ्यांवरून खाली गेला, थेट कमरेएवढ्या पाण्यात. ओरडलासुद्धा नाही. एका भाजीवाल्या मावशींनी टोपली टाकून त्याच्या दप्तराचा पट्टा पकडला. "मेल्या, कुठं निघालास?" कोथिंबिरीच्या जुड्या वाहत गेल्या. मावशी एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने जुड्या गोळा करत होत्या, आणि मी वरच्या पायरीवर त्याची पाण्याची बाटली धरून उभी. मग आम्ही शाळेत गेलो. तो दिवसभर ओल्या चड्डीत बसला.

कॉलेजात हाच किस्सा मी मिरवायचे. आम्ही गंगेवरची पोरं, आम्हाला कसली भीती! मग बाई, इंदिरानगरात सोसायटीच्या गेटवर लेकीची व्हॅन वळेपर्यंत कशाला उभी राहतेस? पण म्हणून माझ्या आईला निष्काळजी म्हणाल तर ऐकून घेणार नाही. दुसऱ्या दिवशीही तिने आम्हाला त्याच वाटेने पाठवलं, आणि ते बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. बहुतेक दिवशी.

धाकटा म्हणतो, हात तू सोडलास. मी म्हणते, त्याने हिसका दिला. शेवटी गेल्या दिवाळीत आईलाच विचारलं. चकलीचा सोऱ्या न थांबवता ती म्हणाली, "काहीतरीच. गाळ असायचा त्या दिवशी मी तुम्हाला शाळेत पाठवतच नसे."