शेणोली ते कुंडल : आजीच्या लग्नाच्या वाटेनं

आमच्या आजीच्या लग्नात वाजंत्री नव्हती, रुखवत नव्हता, मानपान नव्हता. १९४५ चा उन्हाळा, पारावर अंथरलेली जाजमं, सुताचे दोन हार आणि जमलेल्या सगळ्यांना गूळ. अशा लग्नाला 'गांधी लग्न' म्हणायचे. "पत्री सरकारनं सांगितलं हुतं, लग्नापायी कर्ज काढायचं न्हाई," एवढं बोलून आजी गप्प व्हायची. पत्री सरकार म्हणजे सातारा भागात इंग्रजांच्या सरकारशेजारी भूमिगतांनी १९४३ पासून चालवलेलं लोकांचं सरकार. पुढचं मीही कधी विचारलं नाही. ती गेल्यावर मात्र ते विचारायचं राहिलं याची टोचणी लागली, आणि म्हणून या नोव्हेंबरात भाच्याला बरोबर घेऊन कराडहून सकाळची पॅसेंजर पकडली.

भाचा चोवीस वर्षांचा. फोनवर रोज इतिहासाचे चार-सहा संदेश त्याला येतात, कुणी कुणाला कसं फसवलं, कोण खरा आणि कोण गद्दार. तो ते मनापासून वाचतो आणि मनापासून चिडतो. मला त्याला एक जागा दाखवायची होती.

कराडनंतरचं स्टेशन शेणोली. गाडी मिनिटभर थांबते. उतरलो तेव्हा उसावर अजून दव होतं आणि लांब कुठंतरी तोडकऱ्यांच्या कोयत्यांचा आवाज येत होता. ७ जून १९४३ रोजी तूफान सेनेच्या, म्हणजे पत्री सरकारच्या लढाऊ दलाच्या, पोरांनी इथं रुळावर दगड रचून सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ हे त्यांचे म्होरके, दोघंही विशीच्या आसपास. आम्ही गाडी लुटली असं म्हणू नका, आपल्याच लोकांचा पैसा परत आणला, असं कॅप्टन भाऊ वयाची नव्वदी उलटल्यावरही सांगत. रुळाजवळ त्याचं लहानसं स्मारक आहे. भाचा त्यापुढं बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "आत्या, ही पोरं माझ्यापेक्षा ल्हान हुती."

पुढच्या गाडीनं किर्लोस्करवाडी. तिथून कुंडल जवळच, रिक्षानं गेलो. वाटेत निवडणुकीचे फलक. मी मोजले : तीन वेगवेगळ्या बाजूंच्या तीन फलकांवर पत्री सरकारचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटलांचा तोच एक फोटो, तोच फेटा. नाना येडेमच्छिंद्रचे. तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या कायदेभंगात उतरले. सत्यशोधक जलशांच्या वातावरणात घडले, काँग्रेसमध्ये लढले, नंतर शेतकरी कामगार पक्षात गेले, आणि १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून, १९६७ मध्ये बीडमधून कम्युनिस्ट म्हणून लोकसभेत पोचले. यातलं एक अक्षरही फलकावर नव्हतं. फोटो घ्यायचा आणि माणूस गाळायचा, हे मला फार लागतं. त्यांचा मार्ग न पटणाऱ्यानं तसं उघड म्हणावं. त्यात नानांचा मान जास्त राहील.

कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. औंधच्या राजानं १९३९ मध्येच गांधीजींच्या सल्ल्यानं प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. भोवती इंग्रजांचा मुलूख आणि मधे मधे औंधची गावं, असा तो तुकड्या-तुकड्यांचा नकाशा. हद्द ओलांडली की भूमिगतांना श्वास घ्यायला जागा मिळायची. पण सुरुवात इथं झाली नव्हती. १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कराडला, तासगावला, वडूजला, इस्लामपूरला मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर पंड्या गेले. निःशस्त्र मोर्चावर गोळ्या चालतात हे बघितल्यावर गावोगावची पोरं भूमिगत झाली आणि १९४३ पासून इंग्रजांच्या सरकारशेजारी दुसरं सरकार उभं राहिलं. आजचा सांगली जिल्हा तेव्हा साताऱ्यातच होता, म्हणून नाव साताऱ्याचं प्रतिसरकार.

पुस्तकांत 'प्रतिसरकार', लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार'. कुंडलला पारावर बसलेल्या एका आबांना मी हे विचारलं. वय नव्वदीच्या घरात. त्यांनी आधी माझं माहेर विचारलं, मग काठी वळवून स्वतःच्या तळपायाकडं दाखवलं.

"पत्र्या मारायचे. हितं."

खबरे, दरोडेखोर, गावाला नाडणारे गुंड यांना तळपाय फोडण्याची शिक्षा व्हायची. बैलाला पत्री ठोकतात तसं, म्हणून हे नाव, असं लोक सांगतात. आबा मात्र निवाड्यांबद्दलच जास्त बोलले. त्यांच्या वडलांचं दीड एकर रान सावकाराकडं गहाण होतं. निवाडा पारावर, सगळ्या गावादेखत झाला आणि रान परत आलं. वकील नाही, स्टॅम्प नाही, साताऱ्याच्या खेपा नाहीत. नवऱ्यानं टाकलेल्या बायका, बांधाची भांडणं, दारूच्या भट्ट्या, सगळं पंचांपुढं यायचं. मला विचाराल तर गाडी अडवण्यापेक्षा हे काम अवघड होतं. गाडी एका दुपारी अडवता येते. शेजाऱ्या-शेजाऱ्याचा बांध मिटवायला गावाचा विश्वास लागतो आणि तो रोज नव्यानं मिळवावा लागतो.

"आणि आबा, कुणावर चुकून पत्र्या बसल्या का?" भाच्यानं विचारलं.

आबा बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले. "आमच्याच भावकीतला एक हुता," म्हणाले. "त्यानंतर नीट चालला न्हाई कधी." वहीम खरा होता का, हे भाच्यानं पुन्हा विचारलं, पण आबांनी चहा मागवला.

त्या चहाची चव अजून जिभेवर आहे. आजी का गप्प व्हायची, ते मला तिथं थोडं उमगलं. तिच्या आठवणीत सुताचे हार होते तसंच असंही काही असणार.

परतीची गाडी तीन तासांनी होती. किर्लोस्करवाडीतून चालत स्टेशनकडं आलो. १९१० मध्ये औंधच्या राजानं दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी हे गाव वसवलं, इथला लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेला. भाच्याला मी इथं १९४८ ची गोष्ट सांगितली. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला आणि याच टापूत, याच कृष्णाकाठावर, ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. हा कारखानाही जाळला. ज्या कारखान्यातल्या पंड्यांनी इस्लामपूरला छातीवर गोळी घेतली, तोच. प्रतिसरकारचे कार्यकर्ते उघड्यावर येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. पारावर बसून न्याय करायला शिकलेल्या मुलखात हे झालं.

भाचा म्हणाला, "हे कुणी सांगत न्हाई."

सांगत नाहीत, कारण हे फलकावर मावत नाही. पण दिवस असे तापलेले असताना मला नेमकं हेच हवंसं वाटतं. गौरवाचा इतिहास कुणीही उचलून कुणाच्याही विरुद्ध वापरतो. आबांच्या भावकीतला तो माणूस, दीड एकर रान, पंड्या आणि जळालेला कारखाना एका दमात सांगायचं ठरवलं, की जीभ आपोआप जपून चालते. राग येतो, पण कुणावर काढायचा ते ठरवायला वेळ लागतो. तेवढा वेळ मिळाला तरी पुष्कळ घरं वाचतात.

आणि सांगणारी माणसं संपत चालली आहेत. त्या लढ्यातले वाळव्याचे नागनाथअण्णा २०१२ मध्ये गेले. बापू लाड त्याच्या आदल्या वर्षी. नानांच्या लेक हौसाताई, ज्यांनी स्वतः भूमिगतांसाठी जोखीम पत्करली, २०२१ मध्ये गेल्या. चार महिन्यांनी, २०२२ मध्ये, कॅप्टन भाऊ. २०२१ मध्येच कासेगावला अभ्यासक गेल ऑम्व्हेट गेल्या, अमेरिकेत जन्मून इथल्या झालेल्या. त्यांनी या चळवळीचा इतिहास गावागावांतून गोळा केला होता. मी माझ्या आजीला विचारलं नाही, तो हिशेब माझ्याकडंच बाकी आहे.

फलाटावर बाकावर बसलो. भाच्याचं लग्न फेब्रुवारीत आहे. हॉल, जेवण, डीजे धरून सोसायटीचं कर्ज काढायचं घाटत आहे, दादा त्याच फिकिरीत असतो. गाडीची घोषणा झाली तेव्हा भाच्यानं फोन खिशात घातला.

"आत्या, आजीच्या लग्नाला एकूण खर्च किती आला हुता?"

"दोन ढेपा गूळ," मी म्हटलं. "आणि सुताचे हार तिनं स्वतःच कातलेले."