आमची वाटचाल : कंपनीचा डेक तसाच ठेवून

बेळगावात उद्यमबागेच्या रस्त्यावर आम्ही गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवायचं दुकान टाकलं तेव्हा कामाची रीत सरळ होती. कंपनीचा डेक काढायचा, 180 बाय 50 मिलिमीटरच्या त्या खाचेत बाजारातला नवा डेक बसवायचा, डिकीत स्पीकरचा बॉक्स ठेवायचा, झालं. लग्नसराईत आणि गणपतीच्या आधी जेवायला सवड मिळायची नाही.

मग गाड्या बदलल्या. स्क्रीन डॅशबोर्डचाच भाग झाली. रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, काही गाड्यांत एसीसुद्धा तिच्यावरच. ती काढायची सोय राहिली नाही आणि वॉरंटी जाईल म्हणून गिऱ्हाईक वायर कापू देईना. आमच्या धंद्यातले बरेच जण सीट कव्हर आणि मॅटिंगकडे वळले. आम्हाला मात्र आवाजाचंच काम करायचं होतं. कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी आमच्या बेळगावजवळचंच. गावोगावी भजनाची आवड असलेला हा मुलूख. गाडीत अभंग लावला आणि पखवाजाची धूम, म्हणजे डावीकडची खर्जाची बाजू, अंगच नसल्यासारखी वाजली, तर इथल्या माणसाला ते खटकतंच. दारातला सहा-साडेसहा इंची स्पीकर साधारण 80 हर्ट्झच्या खाली फारसा पोचत नाही. उणीव तेवढीच असते, आणि सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, लावायचा तो तेवढ्यासाठीच.

आता सिग्नल आम्ही मागच्या स्पीकरच्या लाइनमधून घेतो. त्या मॉडेलचा कपलर, म्हणजे तयार जोड-प्लग, मध्ये जोडला की एकही वायर कापावी लागत नाही. तिथून स्पीकरचा सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरला चालेल इतका हलका करणारा लाइन आउटपुट कन्व्हर्टर, किंवा स्पीकरचा सिग्नल थेट घेणारा, म्हणजे हाय-लेव्हल इनपुट असलेला अ‍ॅम्प्लिफायर. करंट मात्र थेट बॅटरीवरून. 300 वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा) क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरावर तीसेक अँपिअर ओढतो, म्हणून फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवाच. वायर तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तेवढ्याच जाडीत तिचा रोध जास्त असतो. ती आम्ही दुकानात ठेवतच नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या पीक वॉटवरही, म्हणजे क्षणभराच्या ताकदीवरही, जाऊ नका, आरएमएस तेवढा बघा.

आमचं नाव झालं ते अर्थिंगमुळे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची वायर गाडीच्या पत्र्याला जोडण्याच्या कामामुळे. एका पावसाळ्यात खानापूरकडची एक गाडी आली, सिस्टीम दुसरीकडे बसवलेली. "मामा, रेस दिली की शिट्टी वाजायलीय की!" मालक वैतागलेला. डिकीचं मॅटिंग उचललं तर खाली ओल, आणि अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला, कडेनं गंज. रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, नवा रिंग टर्मिनल बसवला, वर ग्रीस लावलं, वायर आखूड केली. पॉवरची आणि सिग्नलची वायर एकाच बाजूनं नेली होती, ती दोन बाजूंना केली. शिट्टी बंद. त्या माणसानं पुढं खानापुरातून किती गाड्या पाठवल्या!

ट्यूनिंगला आम्ही घाई करत नाही. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, तो येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायर जुळवायचा असतो, हे प्रत्येकाला समजावून सांगतो. लो-पास, म्हणजे सबवूफरकडे फक्त खालचे सूर सोडणारा फिल्टर, 80 हर्ट्झच्या आसपास ठेवायचा, मालकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं आणि सबवूफरची हालचाल उलटी-सुलटी करणारा फेजचा स्विच दोन्हीकडे करून बघायचा. ज्या बाजूला पखवाज भरून येतो ती बरोबर. डिकीपाशी उभं राहून केलेलं ट्यूनिंग चालवणाऱ्याच्या काय कामाचं? शेजारच्या गाडीच्या काचा थरथरल्या पाहिजेत अशी मागणी घेऊन येणारी पोरंही असतात. त्यांनाही आधी अशी ट्यून केलेली गाडी ऐकवतो. बरेच जण मग तसंच करून मागतात.

आज दुकानासमोर केए 22 (बेळगाव), केए 23 (चिक्कोडी), एमएच 09 (कोल्हापूर) आणि गोव्याच्या गाड्या एका रांगेत असतात. सीएनजीची टाकी डिकीत असली की सीटखालचा आठ इंची अ‍ॅक्टिव्ह सब, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला सबवूफर, पुरतो. बॉक्स हवा असेल तर आमचे सुतार 18 मिलिमीटरच्या प्लायचा करून देतात, कारण एमडीएफ इथल्या पावसात फुगतं.

आता इलेक्ट्रिक गाड्या येऊ लागल्यात. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळं दाराची जराशी खडखडही कानाला लागते. पत्र्याची थरथर दाबायला दारात चिकटवायच्या डॅम्पिंग शीटचं काम त्यामुळं वाढलंय. करंट घ्यायचा तो 12 व्होल्टच्या बॅटरीवरूनच, जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या वाटेला जायचं नाही. दुकानातल्या पोरांना सध्या तेच शिकवतोय.