आरशापुढचा उजेड

दिवाणखान्यातला दिवा पाहुण्यांसाठी असतो आणि स्वयंपाकघरातला कामासाठी. बाथरूममधल्या दिव्याखाली मात्र माणूस रोज स्वतःचाच चेहरा जवळून पाहतो, त्यामुळे त्या दिव्याची निवड केवळ वॅटच्या आकड्यावर सोपवू नये, असे माझे मत झाले आहे. साताऱ्यातली आमची इमारत बांधली गेली त्या काळात फॉल्स सीलिंगमध्ये हॅलोजन बसवण्याची हौस होती आणि त्या हौसेपायी आमच्या बेसिनवरच्या आरशापुढे ५० वॅटचे चार हॅलोजन आले.

हॅलोजनला हल्ली नावे ठेवली जातात, पण त्याचा उजेड खरोखर उत्तम होता. तापलेल्या तारेवरून उडालेले टंगस्टन आतल्या आयोडीन किंवा ब्रोमीनशी संयोग पावून पुन्हा तारेवर परतते, म्हणून काच काळवंडत नाही. शिवाय तापलेल्या तारेच्या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे सगळे रंग सलग असतात. दोष उष्णतेचा. आमच्या दिव्यांचे परावर्तक उजेड खाली पाठवत आणि बरीचशी उष्णता मागे छतात सोडत, त्यामुळे प्रत्येक दिव्याभोवती पीओपीवर तपकिरी कडे उमटले होते. त्यातला एक दिवा गेला, तेव्हा वायरमनने सरळ हिशोब मांडला, ‘काका, गेलाय तेवढाच बदला की, बाकीचे जातील तसे बघू.’

त्याने एक एलईडी लावून दाखवला आणि आरशात नाकाच्या एका बाजूचा गाल पिवळसर, तर दुसरा निळसर दिसू लागला. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा लहान तर पिवळसर, मोठा तर निळसर. हॅलोजनचा रंग सुमारे ३००० केल्व्हिनचा असतो, तर पोवई नाक्यावरच्या दुकानात हाताशी मिळतो तो ६५०० केल्व्हिनचा शुभ्र दिवा. आपल्याकडे ट्यूबलाइटच्या सवयीमुळे पांढराफेक उजेड म्हणजे स्वच्छता आणि पिवळा म्हणजे कमी व्होल्टेज, अशी समजूत पक्की आहे. शिवाय तो एलईडी लुकलुकतही होता, कारण १२ व्होल्टच्या हॅलोजनसाठी बसवलेल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला एका ठरावीक वॅटच्या खालचा भार झेपत नाही. म्हणजे बदलायचे तर चारही दिवे बदलायचे, ट्रान्सफॉर्मर काढून टाकायचे, आणि छताला पुन्हा करवत लागू नये म्हणून जुन्या भोकांच्या मापाचेच दिवे घ्यायचे. वाफेचा आणि साताऱ्याच्या पावसाळी दमटपणाचा विचार करून किमान आयपी ४४ दर्जाचे, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारे दिवे मागितले.

विजेच्या बचतीचे म्हणाल, तर २०० वॅटच्या जागी ६ वॅटचे चार, म्हणजे २४ वॅट लागतात. रोज दोन तास धरले, तरी महिन्याचे १२ युनिट जेमतेम दीड युनिटावर येतात. पण शेजारचा २००० वॅटचा गिझर तेच बारा युनिट सहा तासांत संपवतो, तेव्हा या बचतीचा फार गाजावाजा करण्याचे कारण नाही.

खरी परीक्षा आईने घेतली. दुकानातून नमुन्यादाखल आणलेल्या ३००० केल्व्हिनच्या दिव्याखाली कुंकू लावताना ती थबकली आणि म्हणाली, ‘अरे, हे कुंकू विटकरी का दिसतंय?’ तिचे निरीक्षण शंभर टक्के बरोबर होते. पांढरा एलईडी मुळात निळा असतो (ज्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तोच) आणि त्यावरचा फॉस्फरचा लेप त्या निळ्यातला काही भाग पिवळ्या-नारिंगी प्रकाशात बदलतो. गडद तांबडा रंग या व्यवहारात सहज कमी पडतो. खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, ही आठ फिकट रंगांची सरासरी. गडद तांबड्याचा आर-९ हा आकडा त्या आठांत धरलेलाच नसतो, त्यामुळे ८० सीआरआयच्या दिव्याचा आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो. दुकानदाराने थोड्या नाराजीनेच ९० सीआरआयचे आणि आर-९ छापलेले दिवे मागवून दिले, आणि त्या उजेडात कुंकू पुन्हा लालभडक दिसले. मला विचाराल तर खोक्यावर वॅटपेक्षा आर-९चाच आकडा ठळक छापायला हवा.

एकाच कंपनीच्या एकाच केल्व्हिनच्या दोन खेपांतही रंगाचा किंचित फरक पडतो, म्हणून एकाच बॅचचे पाच दिवे घेतले. पाचवा राखीव. पण एलईडीचे छापील आयुष्य बहुधा तो बंद पडण्याचे नसून त्याचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर उतरण्याचे असते; म्हणजे खोक्यात जपलेला दिवा काही वर्षांनी बाहेर काढला, तर तो उरलेल्या तिघांच्या शेजारी उपराच दिसणार. म्हणून तो लगतच्या पॅसेजमध्ये लावून टाकला आहे. तिथे तो इतरांबरोबरच म्हातारा होईल आणि आरशापुढचा एखादा गेला, तर तिथून काढून इथे बसवता येईल.