माती, तूस आणि झिरपणं : उन्हाळ्याची नोंद

मातीत धानाचं तूस मिसळून मी झिरपणारी भांडी करतो; भट्टीत तूस जळतं आणि त्याच्या जागी छिद्रं राहतात. यंदा या कामाला दिशा मिळाली ती चाळणीमुळे. आधी माती आणि धानाचं तूस यांचं प्रमाण बदलत राहायचो : वजनाने १०० भाग माती, तर तूस १०, मग १५, मग २०. तूस वाढलं की भांडं हलकं होतं, पाणी जास्त पितं आणि टिचकी मारली की आवाज बद्द येतो. आता प्रमाण १५ वर बांधून टाकलं आणि तूस कशातून चाळायचं तेवढंच बदललं : रव्याची चाळणी, मैद्याची चाळणी आणि मलमलचं कापड. माती एकच, भट्टी एकच. तरीही तीन प्रकारची परळं निघाली आणि तिन्हींचा स्वभाव निराळा. पाणी पिण्याचं प्रमाण जवळपास सारखं, पण एकातून पाणी ठिबकतं, दुसऱ्याला घाम सुटतो, तिसरं बाहेरून नुसतं गार लागतं.

पाणी पिण्याचं प्रमाण मोजायची रीत सोपी आहे आणि हा छंद असलेल्या प्रत्येकाने ती करावी असं मला मनापासून वाटतं. तुकडा पूर्ण वाळवून कोरडं वजन घ्या. मग पाच तास उकळत्या पाण्यात ठेवा, त्याच पाण्यात पुढचे २४ तास मुरू द्या, ओलसर फडक्याने टिपून ओलं वजन घ्या. शेवटी दोऱ्याने बांधून पाण्यात लटकता ठेवून तिसरं वजन. ओल्यातून कोरडं वजा करा, ओल्यातून लटकतं वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. तुकड्याच्या घनफळात उघड्या छिद्रांचा वाटा किती ते कळतं. वजनाचा हिशेब हवा तर पहिल्या वजाबाकीला कोरड्या वजनाने भागा. घर बांधायच्या साध्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, असं आयएस १०७७ हे विटांचं भारतीय मानक सांगतं. तुसाचे तुकडे ती मर्यादा सहज ओलांडतात, आणि आपल्याला तेच हवं असतं.

पण या आकड्यावरून छिद्राचा आकार कळत नाही. त्यासाठी गवंड्यांची पारदर्शक लेव्हल पाइप कामी येते. भिजलेली चकती फनेलच्या तोंडावर मेणाने पक्की बसवायची, वर बोटभर पाणी ठेवायचं आणि खालून पाइपमधल्या पाण्याची उंची वाढवत हवेचा दाब द्यायचा. छिद्रातलं पाणी पृष्ठताणामुळे जागा सोडत नाही. छिद्र जितकं बारीक, तितका त्याला हलवायला दाब जास्त लागतो. पहिला बुडबुडा ३० सेंटिमीटर उंचीला आला तर सर्वांत मोठं आरपार छिद्र सुमारे १०० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एक मीटरला आला तर सुमारे ३० मायक्रॉनचं. एक मायक्रॉन मोजायचा तर जवळपास तीन बार दाब लागेल, ते काम या नळीचं नाही. रव्याच्या चाळणीची चकती पाइप थोडी उचलताच बुडबुडे सोडते. मलमलवाली एक मीटरलाही शांत राहते. डोळ्यांना न दिसणारी तडही या चाचणीत लगेच सापडते, कारण मग बुडबुड्यांची माळ एकाच ओळीत येते.

आकाराला एवढं महत्त्व का, तर बारीक नळीतून वाहणारं पाणी त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. त्रिज्या निम्मी झाली की त्या नळीतून सोळावा हिस्साच पाणी जातं. भांड्यात तुसाचे मोठे पोकळ कप्पे असतात आणि त्यांच्यामध्ये भाजलेल्या मातीच्या पातळ भिंती. पाणी अडवायचं आणि गाळायचं काम या भिंती करतात. कप्पे फक्त वाट जवळची करतात. तूस जाड असलं की कप्पे एकमेकांना भिडतात आणि भिंतीला वळसा घालून पाणी सरळ निघून जातं.

तूस मी भंडाऱ्याकडच्या राइस मिलमधून आणतो. लाकडाचा भुसा जळला की जवळजवळ काही उरत नाही, पण तुसाची वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी राख राहते आणि ती बहुतेक सिलिका असते. म्हणजे तुसाचा कप्पा पूर्ण रिकामा कधीच नसतो, त्यात राखेचा सांगाडा उभा असतो. दोन्हींचे नमुने भिंगाखाली शेजारी ठेवून पाहा, फरक स्पष्ट दिसतो.

मातीबद्दल. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्वेकडच्या काठावर वसलेलं आहे. पश्चिमेला कापसाची काळी माती, कन्हानच्या बाजूला गेलं की खडकही बदलतो आणि मातीही. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे फुगणारं खनिज भरपूर असल्याने ती पाण्याने फुगते आणि वाळताना इतकी आकसते की कच्चं भांडं सावलीतही तडकतं. शिवाय तिच्यात चुनखडे असतात. ८०० अंशांच्या पुढे त्यांचा कळीचा चुना होतो, आणि भट्टीतून चांगलं निघालेलं भांडं पुढे हवेतला ओलावा पिऊन पापुद्रे टाकायला लागतं. म्हणून मी कन्हानकाठची माती पाण्यात पातळ कालवून कापडातून गाळतो आणि काळी माती तिच्यात मूठभरच घालतो, चिकटपणापुरती. आकसणं कमी करायला जुन्या खापरांचा भुगा. खापर कुटताना ते ओलं ठेवा आणि तोंडाला चांगला मास्क बांधा. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही, आणि तुसाच्या राखेलाही हेच लागू आहे.

छोटे नमुने घरच्या विजेच्या भट्टीत भाजतो, मोठी भांडी कुंभारकाकांच्या आव्यात, म्हणजे त्यांच्या भट्टीत, जातात. त्यांच्याकडे मातीत राख आणि लीद घालायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. "राख नाही टाकली तं माठ पाणी थंड करत नाही, भाऊ," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, आणि माझे सगळे तक्ते आजवर त्याच वाक्याच्या बाजूने बोलतात. आव्याला गोवऱ्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, लागतात. कपाशीच्या या भागात पऱ्हाट्यांना तोटा नाही.

घरच्या भट्टीत सर्वांत जास्त वेळ मी १२० अंशांच्या आत आणि २५० ते ५०० अंशांच्या दरम्यान घालवतो. पहिल्या टप्प्यात मुरलेलं पाणी जातं. घाई केली तर वाफ भिंत फोडते. दुसऱ्यात तूस जळतं आणि त्याला हवा लागते, म्हणून तेव्हा झाकणाला फट ठेवतो. हवा कमी पडली तर तुकड्याच्या पोटात काळा गाभा राहतो. तो मोडून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून प्रत्येक भट्टीत एक तुकडा मोडण्यासाठीच ठेवावा. पुढे ५७३ अंशांवर क्वार्ट्‌झ आपली रचना बदलतं आणि किंचित फुगतं, तिथेही सावकाश. मग ८५० च्या आसपास तासभर. ९५० च्या वर नेलं तर माझी माती काचाळू लागते आणि इतक्या कष्टाने केलेली छिद्रं मिटायला लागतात. भांडं देखणं होतं, खणखणीत वाजतं, पण आपल्या कामाचं राहत नाही.

आता घरात काय काय चाललंय ते.

गारव्यासाठी मैद्याच्या चाळणीचं मिश्रण मला सर्वांत आवडलं. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, आणि नागपूरचा मे महिना ही वाफ व्हायला अगदी अनुकूल. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. माठ त्याच्या जवळ जातो, खाली कधीच नाही. जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के झाली की हीच मर्यादा २८ वर येते. मग माठ गार करत नाही म्हणून तो बदलायला कुंभाराकडे जाण्यात अर्थ नाही. खसच्या कूलरचंही पावसाळ्यात हेच होतं.

जुना माठ भर मे महिन्यातही कमी पडत असेल, तर मात्र छिद्रं बुजली आहेत असं समजा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार पाण्याबरोबर भिंतीतून बाहेर येतात आणि वाफ झाली की तिथेच बसतात; बाहेरचा पांढरा थर तोच. पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून नारळाच्या काथ्याने घासलं की कार्बोनेटचा भाग विरघळतो. साबण मात्र लावू नका, तो छिद्रात शिरतो आणि पाण्याला त्याची चव येत राहते.

याच मिश्रणाचं दुहेरी मडकं केलं : मोठ्या मडक्यात लहान, मधल्या फटीत ओली वाळू, वर ओलं फडकं. नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात हे आपल्या भागातल्या शेतकऱ्यांपर्यंत नेलं. माझ्याकडे त्यात सांबार (म्हणजे कोथिंबीर), मेथी आणि हिरव्या मिरच्या राहतात. बाहेर सकाळचा सांबार दुपारी मान टाकतो, आत तो दुसऱ्या दिवशीही ताठ असतो. दोन गोष्टी सांभाळा : आतलं मडकं बाहेरच्यापेक्षा कमी झिरपणारं हवं, नाहीतर भाजी ओली होऊन सडते. आणि ठेवायची जागा सावलीची पण वाऱ्याची हवी. बंद कोठीत याचा काही उपयोग नाही.

गच्चीवरच्या कुंड्यांत पुरायच्या सुरया हा माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा भाग आहे. चीनमध्ये पुरलेल्या मडक्याने पिकाला पाणी द्यायची रीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे. न रंगवलेली सुरई मानेपर्यंत मातीत पुरून पाण्याने भरायची. भोवतालची माती कोरडी असली की ती भिंतीतून पाणी ओढते, माती ओली झाली की ओढ कमी होते आणि झिरपणं आपोआप मंदावतं. कोणताही नळ, टायमर, बॅटरी यात नाही. इथे रव्याच्या चाळणीचं मिश्रण फार सैल पडतं, कुंडीच्या बुडातून पाणी वाहून जातं; मलमलवालं मोगऱ्याला मे महिन्यात पुरत नाही. मधलंच बरोबर बसतं. माती भिंतीला घट्ट चिकटलेली हवी, म्हणून पुरताना सुरईभोवती मातीचा गारा लावून घ्या. मान मातीबाहेर राहते तिला आतून-बाहेरून मेण लावा, नाहीतर तिथून पाणी उन्हात फुकट उडतं. तोंडावर झाकण हवंच. उघडी सुरई म्हणजे डेंगीच्या डासांना घर.

लांब पोळ्यांचं मडकं हा वेगळाच विषय, आणि आपल्या नागपूरचा. चुलीवर उपडं तापलेलं मडकं आणि त्यावर हातानेच ताणून टाकलेली पोळी. त्या मडक्याची एक बाजू जाळात, दुसरीवर थंड ओलं पीठ, तरी ते तडकत नाही, याचं कारण छिद्रंच. तड पुढे सरकत छिद्रापाशी आली की तिचं टोक बोथट होतं आणि ती तिथेच थांबते. खापराचा जाड भुगाही हेच करतो. म्हणून इथे तूस जाडच घ्यायचं, भुगा भरपूर, आणि भाजणी थोडी कमी. खणखणीत भाजलेलं मडकं चुलीवर लवकर जातं.

गाळणीबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर. पाश्चर यांच्या प्रयोगशाळेतल्या चार्ल्स शँबरलँड यांनी १८८४ मध्ये न झिलई केलेल्या पोर्सेलीनची गाळणी केली आणि तिने जिवाणू अडवले. १८९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्हस्की यांना दिसलं की तंबाखूच्या झाडावरच्या रोगाचं कारण मात्र त्यातून पार जातं. विषाणूंचा शोध या वाटेने लागला. आपल्या स्टीलच्या फिल्टरमधली पांढरी कँडल याच कुळातली. माती आणि जळणारा भुसा यांची घरगुती गाळणी ग्वाटेमालाच्या फर्नांडो मझारिएगोस यांनी १९८१ मध्ये तयार केली. पुढे पॉटर्स फॉर पीस या संस्थेने ती अनेक देशांतल्या कुंभारांना शिकवली. त्या गाळणीतून ताशी साधारण एक ते अडीच लिटर पाणी येतं आणि तिला कलिली चांदीचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा, हात दिलेला असतो.

माझ्या मलमलवाल्या चकत्यांचा वेग त्याच्या बराच खाली आहे. गढूळ पाणी त्यातून नितळ येतं, हे खरं. पण नितळ पाणी पिण्यालायक असतंच असं नाही. जिवाणू एका मायक्रॉनच्या आसपासचे, विषाणू त्याहून कितीतरी लहान, आणि माझी नळी ३० मायक्रॉनच्या खाली काही सांगू शकत नाही. विरघळलेल्या गोष्टी तर मातीची गाळणी अडवतच नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही विहिरींत फ्लोराइड आहे, तिथे या गाळणीवर भिस्त ठेवणं धोक्याचं. म्हणून घरी हे पाणी झाडांना आणि कूलरला. पिण्यासाठी वापरायचंच असेल तर आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि त्यानंतरही उकळा.

पावसाळ्यात कच्ची भांडी वाळत नाहीत, तेव्हा पुढचं काम शेगडीच्या आतल्या विटांचं घेतलं आहे. त्यांना पाणी धरायचं नाही, उष्णता धरायची आहे. म्हणून तूस २५ भागांपर्यंत नेऊन पाहतोय. एवढ्या तुसाने कच्ची वीट हातात मोडते, तेव्हा ती साच्यात दाबूनच करावी लागेल. खापराच्या भुग्याऐवजी कोराडी-खापरखेड्याकडची वीजकेंद्राची राखही घालून बघणार आहे. तिच्यात जड धातूंचे अंश असतात, त्यामुळे ती फक्त या विटांत जाईल आणि तिचा घमेला, चाळणी, पाण्याची बादली वेगळी राहील.