मेटफॉर्मिन सुरू केल्यावर माझं काय काय झालं

मला पीसीओएस आहे, म्हणजे हार्मोन बिघडून ओव्हरीत (अंडाशयात) अंडं नीट पिकत नाही, न त्यावर मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी मिळाली, त्याची ही गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा माझी पाळी कधी दोन तर कधी तीन महिने यायचीच नाही. हनुवटीवर केस, मानेवर काळा पट्टा, तो मी मळ समजून घासत बसायचे. पहिल्या डॉक्टरांनी "ओव्हरीत गाठी आहेत" एवढंच सांगून घरी पाठवलं, मी रात्रभर कॅन्सरच धरून चालले.

मग अमळनेरहून जळगावला गेलो. सोनोग्राफीत उजवी ओव्हरी १४ सीसी निघाली, १० च्या वर म्हणजे मोठी, आणि कडेकडेने बारीक फुगे. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर काढून दाखवलं की या गाठी नाहीतच, अर्धवट वाढून थांबलेली फॉलिकल (अंड्याच्या पिशव्या) आहेत, २ ते ९ मिलिमीटरची. अंग इन्सुलिनला (साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनला) दाद देत नाही म्हणून ते जास्त तयार होतं, त्याने ओव्हरी पुरुषी हार्मोन जास्त बनवते न अंडं पिकतच नाही. आमच्याकडे केळीवाले म्हणतात ना, घड निसवला पण भरला नाही, तसंच. मेटफॉर्मिन ते फुगे विरघळवत नाही, लिव्हरमधून सुटणारी साखर कमी करते, मग इन्सुलिन उतरतं न ओव्हरीला जरा मोकळं होतं.

५०० मिलिग्रॅमची एक गोळी रात्री जेवणासोबत, आठवड्याने दोन, असं ठरलं होतं. मी शहाणी, पहिल्याच दिवशी दोन्ही एकदम, तेही उपाशीपोटी, न वरून तिखटजाळ भरीत न कळण्याची भाकरी! मळमळ, जुलाब, दिवसभर बाथरूम. सासूबाई दाराबाहेरून "काय व्हयनं व माय?" त्यांना वाटलं दिवसच गेले. मग मॅडमनी हळूहळू विरघळणारी एसआर गोळी दिली, तेव्हा पोट थाऱ्यावर आलं.

तिसऱ्या महिन्यानंतर पाळी आधी ४० न मग ३४ दिवसांनी आली. फॉलिक्युलर स्टडीत (अंडं कसं वाढतंय ते बघायच्या सोनोग्राफीत) एक फॉलिकल १९ मिलिमीटरचं दिसलं, दोन दिवसांनी फुटलेलं. बाकीचे फुगे होते तिथेच होते! मूल नको असेल तर काळजी घ्या बरं का, पाळी यायच्या आधीच अंडं फुटून जाऊ शकतं. नुसत्या या गोळीने सगळ्यांचं जमत नाही, बऱ्याच जणींना लेट्रोझोल ही अंडं पिकवायची गोळी लागते. मेटफॉर्मिन जास्त दिवस घ्यायची तर बी१२ व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, ते तपासायचं, मी शाकाहारी म्हणून मला आधीच बजावलंय.

हनुवटीचे केस मात्र तसेच आहेत, थ्रेडिंगवाली ताई खूश.